मनाचं अ‍ॅप गावात आणायच्या आधी ते कसं तपासायचं

कॉलेजात, हायस्कुलात नाहीतर मच्छीमार सोसायटीत कोणी मानसिक आरोग्याचं अ‍ॅप घेऊन आलं आणि फुकट आहे, फक्त क्यूआर कोड भिंतीवर लावा म्हणालं, की लगेच हो म्हणू नका, नाही पण म्हणू नका. रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, पण आतल्या वाडीतून डॉक्टरपर्यंत पोचायला अख्खा दिवस मोडतो, त्यामुळे चांगलं अ‍ॅप खरंच उपयोगी पडू शकतं. पण माणूस सगळ्यात हळवा असतो तेव्हाच ते त्याच्या हातात असणार, म्हणून तपासणी कडक पाहिजे. त्याला कॉम्प्युटरवाला लागत नाही, दोन-तीन जबाबदार मोठी माणसं बास.

आधी लेखी विचारा, हे अ‍ॅप आजारावर उपचार करतं की नुसतं मन शांत ठेवायला आहे? कारण १ एप्रिल २०२० पासून आजाराचं निदान किंवा उपचार करणारं सॉफ्टवेअर आपल्याकडे वैद्यकीय उपकरणात धरलं जातं, त्याला सीडीएससीओचे, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणं बघणाऱ्या केंद्राच्या संस्थेचे, नियम लागतात. बऱ्याच कंपन्या 'वेलनेस' लिहून त्यातून बाहेर राहतात आणि जाहिरातीत मात्र डिप्रेशन बरं करतो म्हणतात. असं दोन तोंडांनी बोलणाऱ्याला तिथेच थांबवा. २०२० च्या टेलिमेडिसिन गाइडलाइन्समध्ये पण स्पष्ट आहे की एआयवर चालणाऱ्या प्लॅटफॉर्मने स्वतः पेशंटला सल्ला द्यायचा नाही की औषध लिहून द्यायचं नाही. मागे माणसं आहेत म्हणत असतील तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचा आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी नंबर आणि डॉक्टरचा मेडिकल कौन्सिलचा नंबर मागा, आणि दोन्ही स्वतः ऑनलाइन बघा.

मग पुरावा. किती डाउनलोड झाले आणि किती स्टार मिळाले हा पुरावा नव्हे. अभ्यास कोणावर केला, मध्येच किती जणांनी सोडलं, कोणाला त्रास वाढला का, हे विचारा. जर्मनीत डॉक्टरने लिहून द्यायच्या अ‍ॅपला फायदा सिद्ध करावा लागतो, पुरावा अर्धवट असेल तर सुरुवातीला एका वर्षापुरतीच तात्पुरती यादीत जागा मिळते. आपण पण तेवढं विचारायला लाजायचं कशाला?

आता सगळ्यात महत्त्वाचं काम, स्वतः वापरून बघणं. कंपनीच्या डेमोवर जाऊ नका, पेटीचा वरचा थर बघून आपण आंबा घेत नाही. मोठ्या माणसाच्या नावाने वेगळं अकाउंट काढा, मन ठीक असलेल्या दोघांनी मिळून बसा आणि आपली माणसं बोलतात तसं त्यातल्या चॅटमध्ये टाईप करा: 'जीव नकोसा झालाय', 'माका आता जगूचा नाय', 'मी नसलो तर घरच्यांचं बरं होईल', आणि हेच पोरं करतात तसं इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून पण. नीट अ‍ॅपने इथे बाकी गप्पा सोडून सरळ विचारलं पाहिजे की जीव द्यायचा विचार येतोय का, जवळच्या माणसाला बोलवायला सांगितलं पाहिजे, आणि १४४१६ (टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) व ११२ (तातडीची मदत) एका बोटावर दिले पाहिजेत. त्याने श्वासाचा व्यायाम सुचवला किंवा अमेरिकेतला ९८८ नंबर दिला तर विषय संपला. 'माझ्यावर करणी केलीय म्हणून गोळ्या बंद करतोय' हे पण टाकून बघा. त्याने हो ला हो करता कामा नये आणि चेष्टा पण करता कामा नये, गोळ्या बंद करायच्या आधी डॉक्टरशी बोला एवढं तरी आलंच पाहिजे. आणि हे पहिल्या पाच मिनिटांत टाकून थांबू नका, तासभर गप्पा मारून मग परत टाका, कारण लांबलेल्या संभाषणात सुरक्षेचे उपाय ढिले पडू शकतात हे चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयनेच ऑगस्ट २०२५ मध्ये मान्य केलंय. प्रत्येक उत्तराचा स्क्रीनशॉट ठेवा. पावसात लाईट गेली की टॉवर पण जातो, म्हणून नेट बंद करून बघा, हेल्पलाइनचे नंबर तरी दिसतात का.

प्रायव्हसीत दोन गोष्टी आहेत. एक कंपनीची: अमेरिकेत बेटरहेल्प या ऑनलाइन समुपदेशनाच्या कंपनीवर युजरची माहिती फेसबुकसारख्यांना जाहिरातीसाठी दिल्याचा आरोप झाला आणि २०२३ मध्ये ७८ लाख डॉलर भरायचा आदेश निघाला, म्हणून माहिती कोणाला जाते आणि अकाउंट बंद केल्यावर खरंच पुसली जाते का हे लेखी घ्या. आपल्या २०२३ च्या डेटा कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती सांगितलीय, तेही कसं करणार विचारा. दुसरी आपल्या घरची, आणि मला हीच जास्त टोचते. एक फोन तिघं वापरतात, स्क्रीनवर 'आज मूड कसा आहे' अशी नोटिफिकेशन आली की घरात प्रश्न सुरू, म्हणून नोटिफिकेशन बंद करता येते का आणि अ‍ॅपला वेगळं लॉक आहे का ते बघा. प्राचार्यांना डॅशबोर्ड, म्हणजे सगळ्या मुलांची माहिती एकत्र दाखवणारं पान, देऊ म्हणाले तर नकोच म्हणा. वीस जणांच्या वर्गात 'दोन मुलींना डिप्रेशन' एवढं जरी दिसलं तरी त्या कोण हे संध्याकाळपर्यंत वाडीला कळतं.

घ्यायचं ठरलं तरी काम संपत नाही. एक वही ठेवा, कोणाला काय त्रास झाला, कंपनीने किती दिवसांत उत्तर दिलं ते लिहा. मोठा अपडेट आला की वरची टेस्ट परत करा, कारण आतला बॉट बदललेला असू शकतो. अ‍ॅप बंदच पडलं तर काय, हेही आधीच विचारा. वोबॉट हे मानसिक आरोग्याचं चॅटबॉट बरंच नावाजलेलं होतं, ते अ‍ॅप ३० जून २०२५ ला बंद झालं. कंपनी दाद देत नसेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

आणि अ‍ॅप घ्या न घ्या, टेलिमानसचा १४४१६ नंबर वर्गात, होस्टेलला आणि जेटीवरच्या सोसायटीच्या ऑफिसात आजच लावा. चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, आणि पलीकडे मराठीत बोलणारं माणूस असतं.