मायक्रोफ्लुइडिक चिपच्या पेटंटवर आक्षेप आले की उत्तर कसं लिहायचं

मायक्रोफ्लुइडिक चिप म्हणजे अतिशय बारीक चॅनेलमधून थोडासा द्रव फिरवणारी छोटी पट्टी. तिच्या पेटंटचा अर्ज तपासणाऱ्या एक्झामिनरचा परीक्षण अहवाल, म्हणजे त्याचे आक्षेप, हातात पडला की संशोधक आधी चिडतात. "ती जुनी चिप कुठे, आमची कुठे! एक्झामिनरला काही कळलेलंच नाही." हे मी इतक्यांकडून ऐकलंय की आता वाद घालत नाही, त्यांना चिडू देते. मग एकच काम सांगते: स्वतःच्या अर्जातला क्लेम क्रमांक १ (नेमका कशावर हक्क मागितलाय ते सांगणारं वाक्य) काढा आणि ही चिप आपण कधी पाहिलीच नाही असं समजून तो वाचा. मी पेटंट एजंट आहे. त्याआधी साच्यात पीडीएमएस (एक प्रकारचं सिलिकॉन रबर) ओतून चॅनेल बनवत होते, त्यामुळे संशोधकाच्या डोक्यात काय असतं आणि कागदावर काय उतरतं यातलं अंतर मला चांगलंच ठाऊक आहे. अहवालातले निम्मेअधिक आक्षेप त्या अंतरातच जन्मतात.

मुदत मात्र सगळ्यात आधी लिहून ठेवा. अमेरिकेत उत्तराला साधारण तीन महिने मिळतात आणि शुल्क भरून सहापर्यंत ताणता येतात. युरोपात बहुधा चार महिने असतात. भारतात सहा, शिवाय विनंती करून वाढ मागता येते. एकच शोध तिन्हीकडे दाखल असेल तर तिन्ही तारखा एकाच कागदावर हव्यात, कारण एका कार्यालयात तुम्ही जे लिहाल ते दुसऱ्याला वाचता येतं.

आता मूळ कामाकडे. बोटातून काढलेल्या रक्ताच्या थेंबावर चालणारी चिप धरू. थेंब आत जातो, पडद्यातून प्लाझ्मा वेगळा होतो, तो एका कक्षात मोजून भरला जातो, पुढे सुकवलेल्या अभिकर्मकात (तपासणीची रासायनिक क्रिया घडवणाऱ्या पदार्थात) मिसळतो आणि शेवटी रंग उमटतो. क्लेम असा असतो: "नमुना-प्रवेशद्वार, गाळणपडदा, प्लाझ्माचं ठरावीक आकारमान मोजण्यासाठी योजलेला कक्ष, अभिकर्मक-कक्ष आणि शोधक्षेत्र असलेलं उपकरण." एक्झामिनर जुनं पेटंट समोर ठेवतो, त्याला डी१ म्हणू, आणि लिहितो की यातलं सगळं डी१मध्ये आहे.

क्लेमचे तुकडे करा. एका रकान्यात आपला तुकडा, शेजारी एक्झामिनरने दाखवलेला डी१मधला परिच्छेद, आणि तिसऱ्यात तो परिच्छेद तुम्ही स्वतः वाचल्यावर काय दिसलं ते. डी१चा सारांश वाचून भागत नाही, आकृत्या आणि उदाहरणं पाहावीच लागतात. आकृतीतला भाग क्रमांक १४ म्हणजे कक्ष की नुसतं वळण, यावरही प्रकरण फिरू शकतं.

आपल्या उदाहरणात गाडी "आकारमान मोजण्यासाठी योजलेला" या शब्दांवर अडेल. तुमच्या मते शोध इथेच आहे. एक्झामिनरच्या मते डी१चा कक्षही भरला की ठरावीकच प्लाझ्मा धरतो, मग तोही मोजतोच की! उपकरणाच्या क्लेममध्ये काम किंवा हेतू लिहिला आणि जुनी रचना ते काम जशीच्या तशी करू शकत असेल, तर तो हेतू तुम्हाला वाचवत नाही. अमेरिकेतला १९९७ सालचा श्रायबर निकाल यासाठी जरूर वाचावा. पॉपकॉर्नचे दाणे थोडे थोडे बाहेर पडावेत म्हणून केलेल्या शंकूच्या आकाराच्या झाकणाचं ते प्रकरण. जुन्या पेटंटातला शंकू तेलाच्या डब्यासाठी होता, पॉपकॉर्नचा तिथे उल्लेखही नव्हता. तरीही कोर्टाने अर्जदाराला नकार दिला, कारण त्या आकारातून पॉपकॉर्नही तसाच पडला असता.

म्हणून काम लिहू नका, ते काम घडवणारी रचना लिहा. तुमचा कक्ष प्लाझ्मा मोजतो म्हणजे नेमकं काय होतं? कक्षाच्या शेवटी चॅनेल एकदम रुंदावतो. द्रवाची पुढची कड त्या काठावर अडते, कारण नव्या भिंतीवर चढायला लागणारा कोन तिला गाठता येत नाही. मागून पुरेसा दाब येईपर्यंत ती तिथेच थांबते. हे झालं केशिका-अडथळ्याचं काम. तेव्हा रुंदी किती, उंची किती, रुंदावण्याचा कोन किती आणि भिंतीचा पृष्ठभाग कसा, हे क्लेममध्ये आणा. "कक्षाच्या निर्गमाशी चॅनेलची उंची एका पायरीत किमान तिप्पट होते" या वाक्याला डी१मध्ये जोडीदार शोधावा लागतो, आणि नसला तर नावीन्याचा आक्षेप तिथेच संपतो.

पण ते वाक्य तुमच्या मूळ अर्जात हवं. नंतर सुचलेला आकडा घालता येत नाही. अमेरिका, युरोप, भारत, सगळीकडे हेच, आणि युरोप यात सर्वात कडक. तिथला एक सापळा नीट ओळखून ठेवा. उदाहरण क्रमांक २ मध्ये ५० मायक्रोमीटर उंची, विशिष्ट पडदा आणि विशिष्ट लेप हे तिन्ही एकत्र दिलेले आहेत, आणि तुम्ही त्यातली फक्त उंची उचलून क्लेममध्ये घातली. एक्झामिनर म्हणेल, ही उंची त्या पडद्याशिवाय चालते असं मूळ अर्जात कुठे लिहिलंय? म्हणून पहिला मसुदा करतानाच उंची, कोन, लेप यांचे पल्ले वेगवेगळे द्यावेत आणि "यातलं कोणतंही एकटं किंवा एकत्र" असं स्पष्ट लिहावं. अर्ज दाखल करायचा असेल अजून, तर या लेखातला हा परिच्छेद तुमच्यासाठी आहे.

"हायड्रोफिलिक पृष्ठभाग" (पाणी ज्यावर सहज पसरतं तो) या शब्दांवर अस्पष्टतेचा आक्षेप आला तर मला नवल वाटत नाही. किती हायड्रोफिलिक? साध्या पीडीएमएसवर पाण्याचा स्पर्शकोन (थेंबाची कड पृष्ठभागाशी करते तो कोन) शंभर अंशांच्या वर असतो. ऑक्सिजन प्लाझ्मा (रक्तातला नव्हे, विद्युतभारित वायू) दिला की तो खूप खाली येतो आणि चिप हवेत पडून राहिली की पुन्हा चढायला लागतो. मग तुमचा कोन कोणत्या दिवशीचा? कोणता द्रव वापरून मोजलेला? पाणी आणि रक्ताचा प्लाझ्मा सारखे वागत नाहीत. मोजण्याची पद्धत स्पेसिफिकेशनमध्ये, म्हणजे अर्जातल्या सविस्तर वर्णनात, असेल तर तिकडे बोट दाखवा आणि क्लेममध्ये कोनाचा पल्ला घाला. नसेल तर "हायड्रोफिलिक" सोडून लेपाच्या पदार्थाचं नाव लिहिणं बरं.

नावीन्याचा आक्षेप सुटला की पुढे डी१ अधिक दुसरा जुना दस्तऐवज, डी२. समजा तुमच्या क्लेममध्ये खाचांचा मिश्रकही आहे आणि तो डी१मध्ये नाही. डी१मध्ये केशिका-अडथळा आहे, डी२मध्ये तळाला तिरक्या खाचा असलेला मिश्रक, दोन्ही जोडणं उघड आहे, असं एक्झामिनर लिहितो. इथे "डी२ वेगळ्या क्षेत्रातलं आहे" एवढं म्हणून काही होत नाही, कारण दोन्ही मायक्रोफ्लुइडिकच आहेत. भौतिकशास्त्र काढा. इतक्या अरुंद चॅनेलमध्ये प्रवाह स्तरीय असतो, खळबळ नसते, मिसळणं विसरणावर चालतं. अँटिबॉडीला विसरणाने १०० मायक्रोमीटर सरकायला दोनेक मिनिटं लागतात, म्हणून मिश्रक हवासा वाटतो हे खरंच, आणि ते नाकारू नका. पण खाचांचा जो प्रसिद्ध मिश्रक २००२ साली मांडला गेला, तो दाबाने ढकललेल्या प्रवाहासाठी होता. तुमच्या चिपला पंप नाही. कोरड्या चॅनेलमध्ये द्रव स्वतःच्या ओढीने पुढे सरकतो तेव्हा प्रत्येक खाचेच्या काठावर त्याची कड अडू शकते आणि खाचेत हवा कोंडू शकते. म्हणजे डी२ची खाच डी१मध्ये घातली तर डी१चं भरणंच बिघडण्याचा धोका. जाणकार माणूस ते का करेल? आणि तुम्ही ते करूनही चिप भरते कशी, तर खाचांची खोली आणि कोन अमुक ठेवल्यामुळे. या युक्तिवादात दम आहे, अट एवढीच की ती खोली आणि तो कोन क्लेममध्ये असावेत. क्लेममध्ये नसलेल्या गोष्टीवर दोन पानं लिहिलेली उत्तरं मी वाचली आहेत. ती दोन पानं वाया जातात.

प्रयोगाची आकडेवारी जोडणार असाल तर तुलना डी१शी करा, बाजारातल्या कुठल्या तरी किटशी नको. डी१सारखी चिप बनवा, तुमची बनवा, लाल पेशींचं प्रमाण कमी आणि जास्त असलेल्या दोन्ही रक्तांवर मोजलेलं आकारमान किती हलतं ते दाखवा. बाकी सगळं तेच ठेवून फक्त तो एक भाग बदललेला असावा. अमेरिकेत हे शपथपत्रासारख्या निवेदनातून द्यावं लागतं.

पद्धतीचे क्लेम असतील तर निदानाचा प्रश्न निघतोच. युरोपात मानवी शरीरावर केलेल्या निदानपद्धतीला पेटंट नाही, शरीराबाहेर काढलेल्या नमुन्याच्या तपासणीला आणि उपकरणाला ही आडकाठी नाही. भारतात कलम ३(आय) निदानाच्या प्रक्रियेला नकार देतं आणि नमुना शरीराबाहेर असला तरी आक्षेप येतो. अमेरिकेत २०१२च्या मेयो विरुद्ध प्रोमिथियस निकालानंतर "अमुक पातळी म्हणजे अमुक आजार" एवढाच गाभा असलेला क्लेम टिकणं अवघड झालं. माझा सल्ला: चिपचा क्लेम मुख्य ठेवा, आणि पद्धत लिहिलीच तर ती द्रव कसा हलतो याची असू द्या, रुग्णाला काय झालंय याची नको.

एक्झामिनरने पुढे केलेल्या जुन्या दस्तऐवजांच्या यादीत स्वतःचंच नाव दिसलं तर दचकू नका. विद्यार्थ्याचा प्रबंध, परिषदेतलं पोस्टर, सगळं पूर्वज्ञानात, म्हणजे अर्जाआधीच जाहीर असलेल्या माहितीत, मोडतं. अमेरिकेत स्वतःच्या प्रसिद्धीला अर्जाआधी १२ महिन्यांची सवलत आहे, युरोपात जवळपास नाहीच. प्रबंध ग्रंथालयात सर्वांना कधी खुला झाला ती तारीख लेखी मिळवा. सादर केल्याची तारीख वेगळी असते.

उत्तर पाठवण्याआधी शक्य असेल तर एक्झामिनरशी बोलून घ्या. अमेरिकेत मुलाखत मागता येते आणि ती बहुधा मिळते. सुधारित क्लेम आधी पाठवा, बोलताना आकृती समोर ठेवा, थेंबाबरोबर बोट फिरवत न्या आणि कड जिथे अडते तिथे थांबा. मग मुख्य क्लेमवर अवलंबून असलेले, त्याला आणखी अरुंद करणारे क्लेम एकदा तपासा: मुख्य क्लेममध्ये पायरी किमान तिप्पट झाली असेल आणि क्लेम ७ अजून दुप्पट म्हणत असेल, तर पुढच्या अहवालाचा पहिला आक्षेप तुम्हीच लिहून दिलाय.