फॉरमॅट मारण्याआधी

"दादा, फॉरमॅट मारून टाका, फक्त आतल्या फायली तेवढ्या राहू द्या." चिपळुणात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवताना हे वाक्य आठवड्यातून एकदा तरी कानावर येतं. घर पाडा, पण देव्हाऱ्याला धक्का लागू देऊ नका, त्यातलाच प्रकार.

मशीन चालू न होणं वेगळं आणि फायली जाणं वेगळं. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक मशीनची विंडोज बिघडलेली असते, नाहीतर रॅम किंवा पॉवर सप्लाय गेलेला असतो. डिस्कवरचा माल जागच्या जागी असतो. तो जातो नंतरच्या उद्योगांत: कुणी विंडोज नव्याने टाकतो, कुणी यूट्यूब बघून भलतीच कमांड मारतो. म्हणून माझ्याकडे क्रम ठरलेला आहे. आधी फायली बाहेर, मग दुरुस्ती. आणि आजारी डिस्कवर नवं काहीही लिहायचं नाही.

मागच्या वर्षी तुळशीची लग्नं उरकली आणि पत्रिका छापणारे एक काका रिक्षातून सीपीयू मांडीवर घेऊन आले. वर टॉवेल गुंडाळलेला. विंडोजच्या लोगोखाली ठिपके गोल गोल फिरत, मग 'ऑटोमॅटिक रिपेअर', मग पुन्हा ठिपके. आदल्या रात्री भाच्याने विंडोजचा पेनड्राइव्ह लावून फॉरमॅटच्या बटणापर्यंत मजल मारली होती, तेवढ्यात लाईट गेली. लाईट जाण्यावर मी एरवी बरंच बोलतो, त्या दिवशी नाही बोललो.

आधी कान, मग डोळे

मशीन चालू करा आणि डिस्कजवळ कान न्या. जुनी फिरणारी हार्डडिस्क असेल आणि आतून टक्-टक्, टक्-टक् असा ठरावीक अंतराने आवाज येत असेल, किंवा खरवडल्यासारखं ऐकू येत असेल, तर ताबडतोब बंद करा. पुन्हा चालू करून बघायचंही नाही. तिचं काय करायचं ते शेवटी सांगतो.

आवाज ठीक आहे, पंखा फिरतोय, पण पडद्यावर काहीच नाही? मग विंडोजला दोष देऊ नका, ती अजून उठलेलीच नाही. कोकणच्या पावसाळ्यात रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर थर चढतो. वायर काढा, रॅम बाहेर घ्या, पेन्सिलच्या साध्या खोडरबरने पट्ट्या हलक्या हाताने पुसा, कण झटका, कट्ट आवाज येईपर्यंत परत बसवा. जून ते सप्टेंबर माझं अर्धं दुकान खोडरबरावर चालतं.

पडद्यावर 'नो बूटेबल डिव्हाइस' आलं तर एखादा पेनड्राइव्ह मागे लावून ठेवलाय का ते बघा. हसू नका, मी स्वतः त्यात अर्धा तास घालवलेला आहे. मग बायोसमधलं, म्हणजे विंडोजच्याही आधी जागा होणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्राममधलं, घड्याळ बघा. तारीख कुठल्या तरी जुन्या वर्षावर गेली असेल तर मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल, सीआर २०३२, संपलेला असतो. सेल संपला की बायोसच्या सेटिंग मूळपदावर जातात आणि कधीकधी मशीनला कुठून सुरू व्हायचं तेच आठवत नाही. सेल बदला, बूट ऑर्डर, म्हणजे कुठून सुरू व्हायचं तो क्रम, लावा, काम झालं.

हे सगळं करूनही गाडी अडलेलीच असेल तर बायोसमध्ये जाऊन डिस्कचं नाव दिसतंय का पाहा. दिसत असेल तर निम्मी लढाई जिंकलीत.

नोटपॅडची चोरवाट

मशीन निळ्या रिपेअरच्या पडद्यापर्यंत येत असेल तर काही डाउनलोड करायची गरज नाही. 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून 'ट्रबलशूट', पुन्हा 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' आणि तिथे 'कमांड प्रॉम्प्ट'. पासवर्ड विचारला तर द्या. काळी खिडकी उघडली की इंग्रजीत नोटपॅड टाइप करून एंटर दाबा. होय, आपला तोच साधा नोटपॅड. त्यात 'फाइल', 'ओपन', आणि खाली टेक्स्ट फायलींऐवजी 'ऑल फाइल्स' निवडा. आता समोर अख्खा कॉम्प्युटर उघडा आहे. फोल्डरवर राइट क्लिक करून कॉपी, पेनड्राइव्हवर जाऊन पेस्ट.

दोन गोष्टींनी लोक घाबरतात. इथे ड्राइव्हची अक्षरं बदललेली असू शकतात, तुमचा सी इथे डी म्हणून दिसेल. आतलं बघून ओळखा. दुसरं, कॉपी होताना पुढे सरकणारी पट्टी दिसत नाही, खिडकी नुसती गोठते. ती मेलेली नसते, काम करत असते. चहा करून या. एका वेळी एकच फोल्डर घ्या म्हणजे कुठवर आलो ते कळतं.

'रिसेट धिस पीसी'मध्ये 'कीप माय फाइल्स' असा गोड पर्याय असतो. फायली बाहेर काढून झाल्यावर खुशाल वापरा. त्याआधी नाही.

पेनड्राइव्हवरची पाहुणी सिस्टीम

काकांच्या मशीनवर रिपेअरचा पडदा पुढे सरकेना, म्हणून लिनक्स मिंट वापरलं, विंडोजच्या जागी चालणारं दुसरं सिस्टीम सॉफ्टवेअर. ते पेनड्राइव्हवरूनच चालतं, आतल्या डिस्कला हात न लावता. दुसऱ्या चालू कॉम्प्युटरवर मिंटची आयएसओ फाइल, म्हणजे एकाच फायलीत बांधलेली अख्खी सिस्टीम, उतरवा, साधारण ३ जीबीची असते, आणि रुफस नावाच्या छोट्या प्रोग्रामने ती ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवा. त्या पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं, तेव्हा मुलाच्या बारशाचे फोटो असलेला उचलू नका. फायली घ्यायला दुसरी डिस्क किंवा पेनड्राइव्ह वेगळा ठेवा.

मग बंद मशीनला मिंटचा पेनड्राइव्ह लावून चालू करताच बूट मेनूची कळ टपटप दाबत राहा. डेल आणि लेनोवोला बहुधा एफ १२, एचपीला एफ ९, असूसच्या लॅपटॉपला एस्केप, गिगाबाइटच्या बोर्डाला एफ १२, एमएसआयला एफ ११. यादीतून पेनड्राइव्ह निवडा. मिंटचा डेस्कटॉप येईल, त्यावर 'इन्स्टॉल लिनक्स मिंट' असं चिन्ह असेल. त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही.

फाइल मॅनेजर उघडला की डाव्या बाजूला डिस्क दिसतात, पण सी-डी अशा नाही, तर आकाराने: अमुक जीबी व्हॉल्यूम. क्लिक करा. विंडोज नीट बंद झालेली नसली, आणि लवकर सुरू व्हायच्या 'फास्ट स्टार्टअप' सोयीमुळे ती बऱ्याचदा अर्धवट झोपलेलीच असते, तर ती डिस्क फक्त वाचण्यापुरती उघडते. आपल्याला तेवढंच हवंय.

फायली ज्यावर घेणार ती डिस्क एक्सफॅट किंवा एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेली असू द्या. जुन्या पद्धतीच्या फॅट ३२ पेनड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, आणि लग्नाच्या व्हिडिओची फाइल हमखास त्याहून मोठी असते. कॉपीची पट्टी संपली म्हणून पेनड्राइव्ह उपटू नका. मिंट मागे बराच वेळ लिहीत असतं. 'इजेक्ट' म्हणा, काढायला हरकत नाही असं ते सांगेपर्यंत थांबा.

डिस्कला कुलूप दिसलं आणि किल्ली मागितली तर तो बिटलॉकर, विंडोजचं स्वतःचं डिस्कचं कुलूप. नव्या विंडोज ११ लॅपटॉपवर तो अनेकदा मालकाला न कळता चालू झालेला असतो. ४८ आकडी रिकव्हरी की लागते, आणि ती बहुतेक वेळा ज्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॅपटॉप पहिल्यांदा सुरू केला त्यात जमा असते. मोबाइलवर त्या अकाउंटात लॉगिन करून शोधा. अकाउंट दुकानदारानेच विकताना काढून दिलं असेल तर त्याला गाठा. किल्ली नसेल तर मीच काय, कुणीही ते उघडू शकत नाही. किल्ली हाती येईपर्यंत बायोसमध्ये सिक्युअर बूट वगैरे चाळवत बसू नका, त्यानेही कुलूप पडतं.

मदरबोर्डच गेला असेल तर डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावणं सोपं. लॅपटॉपच्या अडीच इंची डिस्कसाठी साटा ते यूएसबी वायर चार-पाचशे रुपयांत मिळते. डेस्कटॉपच्या साडेतीन इंची डिस्कला यूएसबीची वीज पुरत नाही, तिला वेगळा ॲडॅप्टर असलेला डॉक लागतो. पट्टीसारख्या एम-टू एसएसडीत साटा आणि एनव्हीएमई असे जोडणीचे दोन प्रकार आहेत, ती बसवायचा यूएसबी डबा घेताना पट्टी सोबत न्या. दुसऱ्या विंडोजवर तुमचं फोल्डर उघडताना 'परवानगी नाही' असं आलं तर 'कंटिन्यू' दाबून थांबा. आणि 'ही डिस्क फॉरमॅट करायची का' असं विंडोजने विचारलं तर उत्तर नाही. कायम नाही.

काय काय उचलायचं

'यूझर्स'मधलं तुमच्या नावाचं फोल्डर आख्खं घ्या. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स सगळं त्यातच. लोक डाउनलोड्स सोडून देतात आणि मग सातबाऱ्याचा उतारा शोधत परत येतात. हिशेबाचं टॅली असेल तर 'यूझर्स'मधल्या 'पब्लिक'मध्ये बघा, डेटाच्या फोल्डरमध्ये १०००० सारखी आकडी नावं असतात. ती एकेका कंपनीची वही. क्रोमचं फोल्डर उचललंत तर बुकमार्क मिळतील, पासवर्डची आशा धरू नका.

काकांचं खरं दुखणं इथेच निघालं. पत्रिकांच्या कोरलड्रॉच्या चौदा वर्षांच्या फायली मिंटवरून सरळ कॉपी झाल्या. माझ्या कॉम्प्युटरवर एक उघडली तर 'श्री गणेशाय नमः'च्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबं यांची खिचडी. काकांनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

फायली शाबूत होत्या. फॉन्ट नव्हता. युनिकोड, म्हणजे सगळीकडे चालणारी अक्षरांची एकच कोडपद्धत, रुळण्याआधीचे श्रीलिपी किंवा आयएसएमसारखे फॉन्ट मराठी अक्षर म्हणून काही साठवतच नाहीत. फायलीत इंग्रजी कळांचे कोड असतात, त्यांना मराठी चेहरा देतो तो फॉन्ट. तो नेमका तोच नसेल तर मजकूर मुका. म्हणून डीटीपीवाल्याने, वर्तमानपत्राच्या बातमीदाराने, जुने ठराव टाइप केलेल्या सोसायटीच्या सेक्रेटरीने फॉन्टही उचलायचे. ते दोन ठिकाणी असतात. एक, 'विंडोज'मधलं 'फॉन्ट्स' फोल्डर. दुसरं ठिकाण खूप जणांना माहीत नाही: विंडोज १० पासून एकट्या यूझरपुरते टाकलेले फॉन्ट त्याच्या 'ॲपडेटा'त, 'लोकल', 'मायक्रोसॉफ्ट', 'विंडोज', 'फॉन्ट्स' अशा वाटेने जाऊन बसतात. काकांचे निम्मे फॉन्ट तिथेच होते. डोंगलचं, म्हणजे यूएसबीत किल्ली खोचल्याशिवाय न चालणारं, सॉफ्टवेअर असेल तर सीपीयूच्या मागे खोचलेला डोंगलही आठवणीने काढून खिशात ठेवा.

कॉपी झाल्यावर तपासणी, आणि ती दुसऱ्या मशीनवर. दोन्हीकडचे फायलींचे आकडे जुळतात का बघा, मग वेगवेगळ्या वर्षांच्या पाच-सात फायली प्रत्यक्ष उघडा. नुसती नावं दिसली म्हणून खूश होऊ नका.

टक्-टक् करणारी आणि भिजलेली

मरायला टेकलेल्या डिस्कवरून फायली एकेक करून ओढणं म्हणजे दम लागलेल्या माणसाला जिने चढायला लावणं. वाचायला अडखळत असेल, पण आवाज करत नसेल, तर लिनक्समधलं डीडीरेस्क्यू मोठ्या डिस्कवर तिची आख्खी प्रत घेतं. आधी चांगला भाग उचलतं, खराब जागांवर नंतर परत येतं. पुढचं सगळं त्या प्रतीवर. विंडोजची डिस्क तपासून दुरुस्त करणारी 'चेकडिस्क' चालवायची तर तीही प्रतीवर, मूळ डिस्कवर नाही. टक्-टक् करणारीला मात्र यातलं काही नको. तिला डेटा रिकव्हरीच्या लॅबमध्येच पाठवा, खर्च हजारांत जातो. फ्रीजमध्ये ठेवण्याचा सल्ला कुणी दिला तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

भिजलेल्या डिस्कबद्दल मी अनुभवाने बोलतो. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, तेव्हा काउंटरखालच्या सगळ्या मशीन गाळात गेल्या. पाणी ओसरल्यावर डिस्क धुऊन वाळवायला ठेवल्या. जुलैत चिपळुणात ऊन कुठलं, म्हणून बायकोचा हेअर ड्रायर लावला, आणि त्यातली एक जोडून बघितली. एक लांब किर्र आवाज, आणि माझा सहा वर्षांचा हिशेब संपला. डिस्कच्या झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं, त्यातून गाळ आत जातो आणि वाळला की तबकडीला चिकटून बसतो. भिजलेली डिस्क वाळवायची नाही, जोडायची नाही. ओलसर फडक्यात गुंडाळून पिशवीत बंद करायची आणि तशीच लवकर लॅबला द्यायची.

काकांच्या मशीनची विंडोज मी दुसऱ्या दिवशी नव्याने टाकली. फॉन्ट बसवले, मागच्या मे महिन्यातली पत्रिका उघडली, अक्षरं जागेवर आली. काकांनी चष्मा लावला, मुहूर्ताच्या ओळीपाशी बोट नेलं आणि म्हणाले, "अरे, हे 'शुभविवाह'मधलं 'वि' दीर्घ पडलंय. पाचशे छापल्या होत्या या."