मुरूम आणि त्यांचे डाग: घाईत होणाऱ्या या चुका टाळा

उद्या वर्गाचा फोटो आहे. रात्री अकराला आरशाला नाक टेकवून, दोन नखांत पुळी धरून दाबणं चालू असतं. पंधरा मिनिटांनी हाती काय लागतं? जरासा पू, जरासं रक्त, आणि सकाळी आधीच्या दुप्पट सुजलेली लाल गाठ. उपदेश म्हणून सांगत नाही, माझ्या डाव्या गालावर अशाच एका रात्रीचा खड्डा अजून आहे.

दाबल्यावर सगळं बाहेर येतं, हा भ्रम. छिद्राची भिंत आतूनही फुटते आणि तेल, मृत पेशी, जिवाणू शेजारच्या त्वचेत पसरतात. सूज खोल जाते, आणि डाग काय, खड्डा काय, दोन्ही या सुजेतूनच येतात. म्हणून नवे मुरूम येत असताना फक्त डाग घालवायची क्रीम लावणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं. आधी मुरूम आटोक्यात आणा. डागांवरचा पहिला उपाय तोच.

चेहरा घासून मुरूम जात नाहीत

वयात येताना अँड्रोजन संप्रेरकं वाढतात, तैलग्रंथी जास्त तेल सोडतात, छिद्राच्या तोंडाशी मृत पेशींचं बूच बसतं आणि आत जिवाणू वाढून सूज येते. यात मळ कुठेच नाही. ब्लॅकहेडचा काळेपणाही मळाचा नसतो. उघड्या तोंडाच्या बुचातलं मेलॅनिन, म्हणजे त्वचेला रंग देणारं द्रव्य, आणि हवा लागून बदललेलं तेल तसं दिसतं. तेव्हा दिवसातून दोनदा सौम्य फेसवॉश, आणि घाम आल्यावर एकदा, एवढं पुरे. दाणेदार स्क्रबने सुजलेली त्वचा आणखी सोलवटते.

टूथपेस्ट, लिंबू, खायचा सोडा यांचा नाद सोडा. त्वचा किंचित आम्लधर्मी असते, तिचा पीएच साधारण 5 च्या आसपास. लिंबाचा 2 च्या आसपास, सोड्याचा 8 च्या वर. एक जाळतो, दुसरा त्वचेचं संरक्षक आवरण बिघडवतो. लिंबू लावून उन्हात गेलात तर फोड येऊन वेगळेच काळे डाग पडू शकतात. तेलकट चेहऱ्याला मॉइश्चरायझर नको, हाही गैरसमजच. औषधाने कोरडी पडलेली त्वचा चुरचुरते, मग औषधच बंद केलं जातं. ‘नॉन-कॉमेडोजेनिक’, म्हणजे छिद्रं न बुजवणारं, असं लिहिलेलं हलकं मॉइश्चरायझर घ्या.

“लावतोय, पण फरकच नाही”

ही तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते. बहुतेक वेळा औषध चुकलेलं नसतं, हिशोब चुकलेला असतो. आज दिसणारा मुरूम कित्येक आठवडे आधीच डोळ्याला न दिसणारं बूच म्हणून तयार होत असतो. आज लावलेलं औषध पुढच्या मुरमांना अडवतं. म्हणून 8 ते 12 आठवडे द्यावेच लागतात. दहा दिवसांनी क्रीम बदलणाऱ्याने एकही उपचार खरं तर केलेला नसतो.

दुसरी गफलत, फक्त दिसणाऱ्या पुळीवर ठिपका देणं. ॲडापेलीनसारखं रेटिनॉइड, म्हणजे छिद्रात बूच बसू न देणारं औषध, मुरूम येतात त्या पूर्ण भागाला लावायचं असतं. मटाराच्या दाण्याएवढं बोटावर घ्या, कपाळ, दोन्ही गाल, नाक, हनुवटी असे पाच ठिपके द्या आणि पातळ पसरवा. चेहरा पूर्ण कोरडा हवा. डोळ्यांच्या कडा, नाकपुड्यांच्या घड्या आणि ओठांचे कोपरे सोडा. सुरुवातीला एक दिवसाआड रात्री. पहिल्या काही आठवड्यांत सालं निघतात, कधी मुरूम थोडे वाढल्यासारखेही वाटतात. तेव्हा बंद करू नका, अंतर वाढवा. जास्त लावल्याने मात्र लवकर गुण येत नाही, फक्त आग होते. गरोदरपणात रेटिनॉइड वापरायचं नाही.

जिवाणू मारणाऱ्या बेंझॉईल पेरॉक्साईडचंही तेच, जास्त म्हणजे बरं असं नाही: 2.5 टक्के पुष्कळदा 10 टक्क्यांइतकंच काम करतं आणि त्रास कमी देतं. फक्त टॉवेल आणि उशीचा अभ्रा पांढरा ठेवा, कारण याने कापडाचा रंग उडतो. माझ्या नव्या निळ्या टॉवेलवर नारिंगी ढग उमटले होते आणि घरात आठवडाभर चौकशी चालू होती. अँटिबायोटिक जेल एकटंच महिनोन्‌महिने लावू नका, जिवाणू त्याला दाद देईनासे होतात.

मैत्रिणीची “गोरं करणारी” ट्यूब मात्र हातातच घेऊ नका. तिच्यात स्टेरॉईड असलं तर आठवडाभर चेहरा झकास दिसतो, मग त्वचा पातळ होते, लाली राहते आणि स्टेरॉईडमुळेच नवे मुरूम येतात.

डाग नेमका कुठला?

डागावर पारदर्शक काच हलकेच दाबा. लाल डाग क्षणभर फिका पडला तर तो रक्तवाहिन्यांचा. तपकिरी तसाच राहिला तर तो मेलॅनिनचा. मग खिडकीशी आडव्या प्रकाशात गाल बघा. सावली पडली तर तो खड्डा, आणि खड्डा कुठल्याच क्रीमने भरून येत नाही. त्यासाठी त्वचारोगतज्ज्ञाकडचे सुया, लेझर, पील असे उपाय असतात आणि तेही मुरूम थांबल्यावरच.

तपकिरी डाग सहसा आपोआप फिके होतात, पण महिने घेतात, कधी वर्षाहून जास्त. ॲझेलेईक ॲसिड मुरूम आणि डाग दोन्हींवर चालतं, रेटिनॉइडही मदत करतं. या सगळ्यावर पाणी फिरवतं ते ऊन. एसपीएफ 30 किंवा जास्त असलेलं सनस्क्रीन लावा, रोज सकाळी, चेहरा आणि मानेला मिळून दोन बोटांच्या लांबीइतकं. ढगाळ दिवशीही, आणि खिडकीशी बसून अभ्यास करत असाल तरी, कारण उन्हातले यूव्हीए किरण काचेतून आत येतात. सावळ्या त्वचेला सनस्क्रीन लागत नाही म्हणतात, पण हे डाग सावळ्या त्वचेवरच जास्त गडद होतात.

कपाळावर एकसारख्या बारीक पुटकुळ्या येऊन खाज सुटत असेल, तर तो बुरशीचा प्रकार असू शकतो आणि अँटिबायोटिकने तो वाढतो. खोल, दुखणाऱ्या गाठी, नवे खड्डे, मुलींमध्ये अनियमित पाळी आणि चेहऱ्यावर राठ केस, किंवा चेहरा लपवायला शाळा बुडवणं, यांपैकी काहीही दिसलं तर 12 आठवडे मोजत बसू नका, लगेच त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. बाकीच्यांनी दर महिन्याला एकाच खिडकीशी, एकाच वेळी फोटो काढून ठेवावा, कारण रोजच्या आरशात फरक दिसतच नाही.