छोट्या मराठी चित्रपटाला चांगला खेळ कसा मिळवायचा
परदेशी महापटाला दिवसभर खेळ द्यायचे, आपल्या चित्रपटाला सकाळी साडेनऊचा, आणि वर ‘प्रेक्षकच येत नाहीत’ म्हणायचं, ही निव्वळ चलाखी आहे. म्हणून वीस पडद्यांवर अवेळी खेळ घेण्यापेक्षा चारच घ्या, पण संध्याकाळी सहा-सातचे मागा. पुढच्या आठवड्याचे खेळ शुक्रवार ते रविवारच्या गल्ल्यावर ठरतात. ओळखीच्यांना याच तीन दिवसांत तिकिटं काढायला लावा.

सेन्सॉर प्रमाणपत्र आधीच हातात हवं. डीसीपी, म्हणजे चित्रपटगृहात दाखवायची कुलूपबंद डिजिटल प्रत, उघडणारी केडीएम, म्हणजे डिजिटल किल्ली, त्या-त्या पडद्याच्या सर्व्हरपुरती आणि ठरावीक मुदतीचीच असते. ऐनवेळी पडदा बदलला की चित्रपट लागतच नाही. तेव्हा शेजारच्या पडद्याचीही केडीएम मागून ठेवा आणि आदल्या दिवशी आवाजासकट दहा मिनिटं चालवून बघा.