अध्यक्षीय डिबेट बघताना या चुका टाळा

अमेरिकेतली अध्यक्षीय डिबेट आपल्याकडे बहुतेक वेळा सकाळी साडेसहाला सुरू होते. आठ वाजता ती संपते आणि लगेच अर्ध्या-अर्ध्या मिनिटाच्या क्लिपा फोनवर येऊन पडतात, 'धुव्वा उडवला', 'बोलती बंद केली' असल्या मथळ्यांसकट. त्या बघून दिलेला निकाल चुकला तर नवल नाही. पण दीड तास नेटाने बसून बघणाऱ्यांचाही निकाल चुकतो, आणि बहुधा एकाच कारणाने: उमेदवार त्या रात्री काय साधायला आला होता हे न ठरवताच आपण मार्क द्यायला घेतो.

परीक्षकाच्या खुर्चीत बसू नका

शाळा-कॉलेजातल्या वादविवाद स्पर्धांनी आपल्याला एक सवय लावली आहे. मांडणी, खंडन, वेळेचं भान, समारोप, प्रत्येकाला वेगळे गुण. टीव्हीवरचा उमेदवार मात्र ना परीक्षकाला पटवत असतो, ना प्रतिस्पर्ध्याला. १९८४ मध्ये लुइव्हिलच्या पहिल्या डिबेटमध्ये रोनाल्ड रेगन अडखळले आणि ७३ वर्षांच्या माणसाला आणखी चार वर्षं झेपतील का, असं उघडपणे विचारलं जाऊ लागलं. दोन आठवड्यांनी कॅन्सस सिटीत वयाचा प्रश्न आलाच. रेगन म्हणाले, प्रतिस्पर्ध्याच्या तारुण्याचा आणि अननुभवाचा मी राजकीय फायदा घेणार नाही. समोरचे ५६ वर्षांचे वॉल्टर माँडेलसुद्धा हसले. त्याच रात्री रेगन यांचा समारोप भरकटला आणि वेळ संपल्यामुळे अर्धवट राहिला. स्पर्धेत गुण कापले गेले असते. पण त्यांना एकच शंका मिटवायची होती आणि ती मिटली. नोव्हेंबरमध्ये त्यांनी ५० पैकी ४९ राज्यं जिंकली.

नेमकी तीच शंका २७ जून २०२४ रोजी अटलांटात जो बायडन यांच्यासमोर होती. बसलेला आवाज, मध्येच तुटणारी वाक्यं, मेडिकेअरबद्दलचं (ज्येष्ठांसाठीची सरकारी आरोग्य विमा योजना) एक उत्तर तर अर्थच न लागता संपलं. ट्रम्प यांच्या चुकीच्या विधानांची यादी नंतर निघाली, ती लांबलचक होती, पण तिने काहीच बदललं नाही. २१ जुलैला बायडन शर्यतीतून बाहेर पडले. तेव्हा डिबेट सुरू होण्याआधी कागदावर प्रत्येक उमेदवाराच्या नावापुढे एक ओळ लिहा: याच्याबद्दल लोकांच्या मनात आज कोणती शंका आहे? मग बाकी सगळं त्या ओळीच्या संदर्भात बघा.

निक्सन-केनेडींची गोष्ट तपासून घ्या

'रेडिओ ऐकणाऱ्यांना निक्सन जिंकले असं वाटलं, टीव्ही बघणाऱ्यांना केनेडी.' रिचर्ड निक्सन आणि जॉन केनेडी या उमेदवारांच्या २६ सप्टेंबर १९६० च्या शिकागोतल्या डिबेटबद्दल हे वाक्य इतक्यांदा सांगितलं जातं की दिसणंच सर्व काही, असा समज होऊन बसतो. याचा मुख्य आधार एका कंपनीचा सर्व्हे आहे आणि त्यात रेडिओ ऐकणारे जेमतेम काही शे होते. शिवाय तोवर अमेरिकेतल्या दहापैकी जवळपास नऊ घरांत टीव्ही पोचला होता. रेडिओवरच राहिलेल्यांत ग्रामीण आणि प्रोटेस्टंट श्रोते जास्त असणार, आणि कॅथलिक केनेडींबद्दल त्यांना आधीपासूनच अढी असणं शक्य होतं. निक्सन गुडघ्याच्या संसर्गामुळे दवाखान्यात राहून आले होते, वजन उतरलं होतं, मेकअप धड केला नव्हता आणि करडा सूट मागच्या पडद्यात मिसळत होता, हे सगळं खरं. पण शेवटी केनेडी जिंकले ते सुमारे १ लाख १३ हजार मतांनी, तेही पावणेसात कोटींहून अधिक मतांत. एवढ्या निसटत्या विजयाचं श्रेय एका सुटाच्या रंगाला देणं मला पटत नाही.

चढा आवाज म्हणजे वरचढ नव्हे

ही चूक सर्वांत जास्त होते. कोण जास्त बोललं, कोणी कोणाला मध्येच तोडलं, यावरून आपण वर्चस्व मोजतो. १० सप्टेंबर २०२४ रोजी फिलाडेल्फियात ट्रम्प यांनी कमला हॅरिस यांच्यापेक्षा जास्त वेळ बोलून घेतलं. पण स्थलांतराच्या प्रश्नावर काय झालं ते बघा. हा ट्रम्प यांचा हुकमी विषय. हॅरिस यांनी उत्तराच्या ओघात सांगून टाकलं की ट्रम्प यांच्या सभांतून लोक कंटाळून लवकर निघून जातात. ट्रम्प यांनी आधी सभांच्या गर्दीचं समर्थन केलं आणि तिथून ते ओहायोतल्या स्प्रिंगफील्डमध्ये लोकांची कुत्री-मांजरं खाल्ली जातात या दाव्यावर गेले. तसा विश्वसनीय पुरावा नसल्याचं शहर प्रशासनाने सांगितलंय, हे सूत्रसंचालक डेव्हिड म्युर यांनी तिथेच लक्षात आणून दिलं. स्वतःच्या फायद्याचा विषय त्यांनी स्वतःच्या हाताने वाया घालवला. म्हणून प्रत्येक प्रश्नाला एवढंच टिपा: विषय कोणी ठरवला, आणि कोण दुसऱ्याच्या विषयावर ओढला गेला?

तुमचं मत आणि पोल जुळत नसेल तर

आधी मत कधी बनलं ते आठवा. १९७६ च्या डिबेटमध्ये पूर्व युरोपवर सोव्हिएत वर्चस्व नाही, असं जेराल्ड फोर्ड म्हणाले, प्रत्यक्षात ते होतं. बघणाऱ्यांपैकी अनेकांना त्या रात्री ते खटकलं नव्हतं. बातम्यांनी दिवसभर ते वाक्य उगाळल्यावर कौल जिमी कार्टर यांच्याकडे झुकला. २००० साली प्रतिस्पर्धी बोलत असताना अल गोर यांनी टाकलेले उसासेही असेच नंतर पुन्हा पुन्हा दाखवून मोठे झाले. विश्लेषकांचं पॅनेल सुरू होण्याआधी टीव्ही बंद करा आणि चार ओळी लिहून काढा. प्रचार-पथकातली माणसं 'आमचाच उमेदवार जिंकला' सांगायलाच तिथे आलेली असतात.

दुसरं, पोल डिबेट बघणाऱ्यांचा असतो, सगळ्या मतदारांचा नव्हे. गॅलप या जनमत चाचणी घेणाऱ्या संस्थेच्या पाहणीत २०१२ च्या डेन्व्हर डिबेटमध्ये मिट रॉम्नी यांना ७२ टक्क्यांनी विजयी ठरवलं आणि निवडणूक ओबामांनी जिंकली. फिलाडेल्फियानंतर सीएनएनच्या पोलमध्ये ६३ टक्के हॅरिस यांच्या बाजूने होते आणि जिंकले ट्रम्प. डिबेट आणि निवडणूक यांचे निकाल वेगवेगळे ठेवा.

नियमही बघा. २०२० मध्ये क्लीव्हलंडच्या डिबेटमध्ये एकमेकांना तोडून बोलण्याचा गोंधळ झाला, त्यानंतर पुढच्या डिबेटमध्ये सुरुवातीच्या उत्तरांच्या वेळी दुसऱ्याचा माइक बंद ठेवला गेला. अटलांटात तर प्रेक्षकच नव्हते. टाळ्यांवर फुलणारा वक्ता अशा खोलीत वेगळाच दिसतो.

आणि एखादं उत्तर तुम्हाला अगदीच असंबद्ध वाटलं, तर ते कोणासाठी होतं हे शोधा. युक्रेनच्या प्रश्नावर हॅरिस यांनी अचानक पेनसिल्व्हेनियातल्या आठ लाख पोलिश वंशाच्या अमेरिकनांचा उल्लेख केला. पुण्यात बसून, किंवा न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये बसूनही, तो ओढूनताणून आणल्यासारखा वाटेल. न्यू जर्सीचा कल डेमोक्रॅट्सकडे ठरलेलाच होता. पेनसिल्व्हेनियाची १९ इलेक्टोरल मतं (अध्यक्ष ठरवणारी, राज्यांना वाटून दिलेली मतं) मात्र कोणाकडेही जाऊ शकत होती.