दोन शहरांमधलं अंतर आणि प्रवासाचा वेळ: हिशेब असा मांडा

आधी हवाई अंतर काढा. दोन्ही शहरांचे अक्षांश-रेखांश घेऊन ते दशांशात आणा. पहिली गफलत इथेच होते: १८ अंश ३० कला म्हणजे १८.५०, १८.३० नव्हे. कलांना ६० ने भागायचं असतं. एवढ्या एका चुकीने अक्षांशात २२ किलोमीटरचा फरक पडतो.

अक्षांशांमधल्या फरकाला १११.२ ने गुणलं की उत्तर-दक्षिण किलोमीटर मिळतात. रेखांशांच्या फरकालाही १११.२ ने गुणा, पण त्याला सरासरी अक्षांशाच्या कोसाइननेही गुणा, कारण रेखावृत्तं ध्रुवांकडे जवळ येत जातात. पुढचं काम पायथागोरसचं. समजा अक्षांशात ३ अंशांचा फरक आहे, रेखांशात ४ चा, आणि सरासरी अक्षांश २०. उत्तर-दक्षिण ३३४, पूर्व-पश्चिम ४१८, कर्ण ५३५ किलोमीटर. काहीशे किलोमीटरपर्यंत ही रीत छान चालते. लांब पल्ल्याला पृथ्वीचा गोलावा आडवा येतो; तिथे ६,३७१ किलोमीटर त्रिज्या धरून गोलावरचं अंतर काढायचं हॅवरसाइन सूत्र वापरा. आणि आकडा मैलांत असेल तर मैल कोणता ते बघा: सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा, जमिनीवरचा १.६०९ चा.

रस्त्याचं अंतर शक्यतो नकाशावर मार्ग आखूनच घ्यावं. नुसता अंदाज हवा असेल तर हवाई अंतराची १.२ ते १.४ पट करा. मध्ये घाट किंवा खाडी असली की मात्र हा गुणक विसरा. आपल्या उदाहरणात १.३ धरला तर ६९५ किलोमीटर.

आता वेग. निम्मं अंतर ताशी ८० ने आणि निम्मं ४० ने गेलात तर सरासरी ६० पडत नाही. १२० किलोमीटरला दीड तास, पुढच्या १२० ला तीन तास. २४० किलोमीटरला साडेचार तास, म्हणजे सरासरी जेमतेम ५३. खराब टप्पा वेळ खातो तो असा. म्हणून रस्त्याचे तुकडे पाडा, प्रत्येकाचा वेळ वेगळा काढा आणि मग बेरीज करा. ६९५ किलोमीटरला ५५ ची सरासरी धरली तर साडेबारा तासांहून थोडं जास्त. दर दोन तासांनी पाव तास थांबलात तर चौदा.

विमानाचं गणित फसवं. ५३५ ला ताशी ८०० ने भागलं की ४० मिनिटं येतात, पण इतक्यात कुठलं पोहोचतंय! धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं, उतरणं यांची अर्धा तास तरी भर घाला: १ तास १० मिनिटं. लांबच्या उड्डाणात वाराही मोजावा लागतो. न्यूयॉर्कहून लंडनला जाताना पश्चिमेचा वारा पाठीशी असतो, म्हणून परतीच्या उड्डाणाला साधारण तासभर जास्त लागतो. तिकिटावरच्या वेळा त्या-त्या ठिकाणच्या असतात. थेट वजाबाकी करण्याआधी दोन्ही एकाच प्रमाणवेळेत आणा.

तुलना करायची ती दारापासून दारापर्यंत. विमानतळ गाठायला १ तास, तिथे २ तास, उड्डाण, सामानाला अर्धा तास, शहरात शिरायला पाऊण: झाले जवळपास साडेपाच तास. हेच आकडे धरले आणि रस्त्याने ८० ची सरासरी मिळाली, तर थांबे सोडून ४०० किलोमीटरच्या आसपास गाडी आणि विमान बरोबरीत येतात. ५५ च मिळाली तर हीच सीमा पावणेतीनशेवर येते.