बाळाचा बाप्तिस्मा: तयारी, विधी आणि नोंद

बाळ दोन महिन्यांचं झालं की घरात आधी हॉल, केक आणि पाहुण्यांची यादी ठरते. पाळकसाहेबांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, फोन सगळ्यात शेवटी जातो. हा क्रम उलटा करा. तारीख कोणालाही कळवण्याआधी, निदान महिनाभर अगोदर, आईवडील दोघांनी पाळकांना भेटावं. इथली माहिती चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या मराठी मंडळ्यांना (स्थानिक चर्चना) धरून आहे.

पहिला प्रश्न तारखेचा नाहीच; बाप्तिस्मा आता करायचा की मोठेपणी, हा आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चसंस्था एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. त्यांत बालबाप्तिस्मा देणारे अँग्लिकन होते, तसेच स्वतः विश्वास कबूल केल्यावरच बाप्तिस्मा देणारे बाप्टिस्टही होते. म्हणून दोन्ही वाटा मान्य आहेत: आता बाप्तिस्मा आणि मोठेपणी दृढीकरण (तोच विश्वास स्वतः मंडळीसमोर कबूल करण्याचा विधी), किंवा आता फक्त समर्पणाची प्रार्थना आणि मोठेपणी स्वतःच्या कबुलीने बाप्तिस्मा. आईचं माहेर एका परंपरेतलं आणि वडिलांचं घर दुसऱ्या, असं असेल तर हे घरात नीट बोलून घ्या. बाप्तिस्मा एकदाच होतो. 'आता आजीसाठी करू, पुढे त्याचा तो पुन्हा घेईल' ही तडजोड चालत नाही.

भेटीला जाताना बाळाचा जन्मदाखला आणि आईवडिलांचे बाप्तिस्म्याचे दाखले न्या. राहता पुण्यात आणि बाप्तिस्मा नगरला आजोळच्या मंडळीत करायचा असेल, तर पुण्याच्या पाळकांचं पत्र आधी घ्या. ते नसेल तर ऐनवेळी अडतं, आणि अडायलाच हवं: बाळ ज्या मंडळीत वाढणार, तिला ते माहीत असलं पाहिजे.

धर्ममातापिता (गॉडपेरेंट्स) ठेवण्याची पद्धत तुमच्या मंडळीत असेल, तर मान द्यायचा म्हणून परदेशातल्या मामाचं नाव घालू नका. ते स्वतः बाप्तिस्मा घेतलेले, उपासनेला येणारे आणि बाळाच्या जवळ राहणारे असावेत. दहा वर्षांनी त्याला संडेस्कूलला कोण नेईल, हा विचार करून निवडा.

विधी रविवारच्या उपासनेतच ठेवा. शनिवारी संध्याकाळी घरच्या वीस माणसांत उरकण्याची मागणी वाढते आहे. ती करू नका. विधीत पाळक आईवडिलांना प्रश्न विचारतात, तसे मंडळीलाही विचारतात, आणि बाळाला विश्वासात वाढवण्याचं वचन सगळे उभे राहून देतात. रिकाम्या बाकांकडून ते वचन कसं मिळणार?

आता पाण्याचं. पाणी कोमट हवं. मनगटाच्या आतल्या बाजूवर टाकून पाहा, गार किंवा गरम लागता कामा नये. उपासनेच्या सुरुवातीला ओतलेलं पाणी पाऊण तासात गार होतं, म्हणून ते थर्मासमध्ये ठेवून विधीच्या वेळीच पात्रात ओतावं. बाळाला अर्धा तास आधी पाजून ढेकर काढलेला असावा. टोपडं आधीच काढा, त्याच्या गाठी पुढे आल्यावर सुटत नाहीत. पाळकांच्या डाव्या हातावर बाळ देताना डोकं पात्राच्या बाजूला आणि अंगापेक्षा किंचित खाली असावं. मग पाणी कपाळावरून मागे वाहतं, नाकाडोळ्यांत जात नाही. पाळक नाव घेऊन पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने पाणी घालतात. तेव्हा बाळ रडलं तर रडू द्या, कोणी धावून जाऊ नये. मऊ पंचा धर्ममातेच्या खांद्यावर तयार असू द्या. फोटोसाठी पुन्हा पाणी घालायला सांगू नका.

नाव कागदावर लिहून पाळकांच्या हाती द्या, जन्मदाखल्यात आहे तसंच, आडनावासकट. घरातलं लाडकं नाव रजिस्टरमध्ये गेलं की पुढे शाळाप्रवेशाला आणि लग्नाच्या वेळी दाखला जुळत नाही. त्याच दिवशी नोंद होते आहे ना ते पाहा, स्पेलिंग वाचा, मगच सही करा.

बाळ अत्यवस्थ असेल तर थांबू नका. पाळकांना लगेच इस्पितळात बोलवा. तेही पोचत नसतील तर बाप्तिस्मा घेतलेली कोणीही व्यक्ती साधं पाणी घालून 'पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने' हेच शब्द म्हणू शकते. बाळ बरं झालं की त्याला मंडळीत आणा. पुन्हा पाणी घालायचं नाही; मंडळीसमोर स्वागत करायचं आणि तारीख, वेळ, साक्षीदारांची नावं रजिस्टरमध्ये लिहून घ्यायची.